जुना टॅब सुरूच होत नाही: फेकण्याआधी काय काय तपासाल

‘टॅब मेला’ असं म्हणून बाजूला ठेवलेले टॅब मी अनेकदा पुन्हा चालू केले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: बिघाडापेक्षा घाईने जास्त टॅब वाया जातात. अर्धा तास चार्ज करून ‘होत नाही’ असं ठरवलं जातं, लोगोवर अडकला की लगेच रिसेट (आतलं सगळं पुसून टॅब नव्यासारखा करणं) मारला जातो, नाहीतर बॅटरी बघायची म्हणून काच उचकटली जाते. यात साधा बिघाड मोठा होतो आणि कधीकधी आतले फोटो कायमचे जातात. म्हणून खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून अवघड गोष्टींकडे अशा लावल्या आहेत. मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

आधी टॅब नेमकं काय करतो ते नीट बघा. एकदा चार्जर लावून आणि एकदा न लावता.

पडदा पूर्ण काळा, बटण दाबून काही नाही, चार्जर लावूनही काही नाही. हे दिसायला सगळ्यात वाईट लक्षण, पण बऱ्याचदा सुटायला सगळ्यात सोपं. बहुतेक वेळा बॅटरी अगदी तळापर्यंत उतरलेली असते, किंवा वीज आतपर्यंत पोचतच नसते.

बॅटरीचं चित्र येतं आणि जातं, पण टक्के हलत नाहीत. चार्जर किंवा केबल कमजोर आहे, नाहीतर बॅटरी थकली आहे.

लोगो येतो, पडदा विझतो, पुन्हा लोगो येतो. याची दोन अगदी वेगळी कारणं असतात. टॅब दर वेळी त्याच ठिकाणी पोचून परत फिरत असेल तर सॉफ्टवेअरचा संशय घ्या. कधी लोगो दिसताक्षणी, कधी थोडं पुढे जाऊन, असा अनियमित विझत असेल तर बॅटरीकडे बघा. सुरू होताना प्रोसेसर एकदम जास्त करंट ओढतो, थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्याने कोसळतो आणि टॅब पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागतो.

लोगो येऊन तिथेच तासभर थांबतो. इथे बॅटरी ठीक आहे असं धरायला हरकत नाही. गडबड सॉफ्टवेअरमध्ये किंवा स्टोरेजच्या चिपमध्ये आहे.

पडदा काळा, पण आवाज येतो, थरथर जाणवते किंवा पाठ कोमट लागते. टॅब चालू आहे, पडदा गेला आहे.

चार्जर लावलेला असेपर्यंत चालतो, काढला की क्षणात बंद. बॅटरीचं वय झालं. ती बदलण्यावाचून उपाय नाही.

कशालाही जोडण्याआधी: बॅटरी फुगली आहे का?

ही तपासणी फुकटची आहे आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. टॅब सपाट टेबलावर ठेवा आणि कोपरे हलकेच दाबून बघा. डुगडुगतो का? पडद्याची कड एका बाजूने वर उचलली गेली आहे का? काच आणि चौकट यांच्यामध्ये नख शिरेल अशी फट आहे का? पाठीमागे कॅमेरा वर आलेला असेल तर टॅब तेवढ्यानेही डुगडुगतो, आणि २०१० च्या पहिल्या आयपॅडची पाठ तर मुळातच बाकदार होती. हे लक्षात घेऊन बघा. पण पूर्वी नसलेली फट आता दिसत असेल तर शंका ठेवू नका, बॅटरी फुगली आहे.

लिथियमच्या सेलमधलं रसायन जुनं झालं की विघटन होऊन आत वायू साठतो. अशी बॅटरी आतल्या आत शॉर्ट झाली तर पेट घेऊ शकते, आणि तो धूर विषारी असतो. त्यामुळे असा टॅब चार्ज करू नका, पडदा दाबून जागेवर बसवू नका, टोचून हवा काढायचा विचारही करू नका. तो बंद ठेवा, कागद-कापडापासून दूर ठेवा आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्याच्या संकलनातच द्यायची. पुढच्या तपासण्या फुगलेल्या टॅबसाठी नाहीत.

टॅब हवा आहे की टॅबमधलं काही हवं आहे?

हा प्रश्न आताच सोडवा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर ठरतो. टॅब नुसता वापरायला हवा असेल तर रिसेट हा चांगला उपाय आहे. आतले फोटो, नोंदी, रेकॉर्डिंग हवी असतील तर तोच रिसेट सगळ्यात मोठं नुकसान करतो. एकदा मारला की माघार नाही. अँड्रॉइड ६ पासूनच्या बऱ्याच टॅबवर आणि सगळ्या आयपॅडवर माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे चावीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेली असते. रिसेटमध्ये तिची चावी पुसली जाते, आणि मग महागडी यंत्रंही ती माहिती परत आणू शकत नाहीत.

म्हणून दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर त्याच गूगल किंवा ॲपल खात्यात जाऊन बघा. बऱ्याच जणांचे फोटो तिथे आधीच चढलेले असतात आणि जीव भांड्यात पडतो. टॅबमध्ये मेमरी कार्ड असेल तर ते काढून कार्ड रीडरमध्ये वाचा. कार्ड अंतर्गत स्टोरेज म्हणून जोडलेलं असेल तर मात्र ते त्या टॅबशी बांधलेलं असतं, दुसरीकडे वाचता येत नाही. संगणक ‘हे कार्ड फॉरमॅट करायचं का?’ असं विचारेल. नाही म्हणा.

चार्जर आणि केबल

इथे मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो, कारण काळ्या पडद्याच्या तक्रारी इथेच सर्वाधिक सुटतात.

टॅबची बॅटरी फोनपेक्षा बरीच मोठी असते. उदाहरणार्थ, तिसऱ्या पिढीच्या आयपॅडची बॅटरी ४२.५ वॉट-तासांची होती. संगणकाचा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतो. या हिशोबाने ती बॅटरी भरायला १७ तासांच्या वर लागतात, तेही टॅब स्वतः काही खात नाही असं धरलं तर. त्याच आयपॅडसोबत १० वॉटचा चार्जर मिळायचा. जुन्या फोनचा चार्जर किंवा लॅपटॉपचा पोर्ट लावून ‘रात्रभर चार्ज केला, तरी नाही’ म्हणणाऱ्यांचं कोडं असं सुटतं. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर किंवा जास्त असं लिहिलेला चार्जर घ्या आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. अँपिअर जास्त असल्याने टॅब जळत नाही. टॅब त्याला लागेल तेवढाच करंट घेतो.

व्होल्टचं तसं नाही. गोल पिनवर चार्ज होणाऱ्या जुन्या टॅबबाबत फार सांभाळा. ५, ९ आणि १२ व्होल्टच्या अडॅप्टरची गोल पिन दिसायला सारखी असू शकते, आणि राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या टॅबमध्ये सहज बसला तर चार्जिंगचं सर्किट जाळून टाकतो. टॅबच्या पाठीवर किंवा पोर्टजवळ लिहिलेला व्होल्टेज आणि अडॅप्टरवरचा व्होल्टेज जुळला तरच लावा. पिनच्या आत प्लस आहे की बाहेर, हे दाखवणारी छोटी आकृतीही दोन्हीकडे जुळवून घ्या.

पहिल्या तीन पिढ्यांचे आयपॅड आणि सॅमसंगचे सुरुवातीचे गॅलेक्सी टॅब यांना रुंद, चपटी, ३० पिनांची केबल लागायची. दोन्ही केबल दिसायला भावंडं, पण आतली जोडणी वेगळी. एकाची दुसऱ्याला लावू नका.

केबल बदलून बघायलाच हवी. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या केबलच्या आतल्या तारा टोकाशी तुटलेल्या असतात, आणि बारीक तारांच्या लांब केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतो. चार्जर आणि केबल दुसऱ्या उपकरणावर वेगवेगळे तपासा. केबल बदलली पण चार्जर तोच, किंवा उलट, असं करून दोष नेमका कुठे आहे ते कळतं. दोन्ही एकदम बदलले तर टॅब सुरू होईल, पण बिघडलेलं कोणतं ते कळणार नाही आणि तेच पुन्हा वापरलं जाईल.

यूएसबी-सी पोर्टच्या काही स्वस्त टॅबचा एक खास दोष आहे. दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या केबलवर चार्जर आधी समोर उपकरण आहे का हे पोर्टमधल्या दोन छोट्या रेझिस्टरवरून ओळखतो. काही निर्माते ते रेझिस्टर बसवतच नाहीत. मग चार्जरला वाटतं समोर कोणी नाही, आणि तो वीजच सोडत नाही. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी-ए पिन असलेली केबल आणि तसाच चार्जर लावला की तोच टॅब चार्ज व्हायला लागतो.

पोर्ट

टॉर्चने पोर्टमध्ये उजेड टाका. खिशातला, पिशवीतला कापसासारखा धूळकचरा वर्षानुवर्षं पिनने आत ठोकला जातो आणि त्याचा घट्ट थर बसतो. मग पिन शेवटपर्यंत जात नाही. केबल पूर्वीपेक्षा बाहेर राहते किंवा सहज निसटते, ही त्याची खूण. चार्जर काढून लाकडी टूथपिकने कडेकडेने अलगद खरवडा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन वापरू नका, धातूने आतले संपर्क शॉर्ट होतात. हिरवट किंवा पांढरट डाग दिसले तर ओल गेली होती असं समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशवर अगदी थोडं घेऊन पुसा आणि पूर्ण वाळल्यावरच चार्जर लावा.

मायक्रो-यूएसबीच्या पोर्टमध्ये मधली बारीक जीभ सरळ आहे का हे बघा. ती तुटली असेल, किंवा केबल एका ठराविक कोनात वाकवून धरल्यावरच चार्जिंग होत असेल, तर पोर्टचं सोल्डर सुटलं आहे. तसं वाकवून, वर काही ठेवून चार्ज करत राहू नका. सैल जोडावर ठिणगी आणि उष्णता तयार होते आणि पोर्टसोबत बोर्डावरच्या (आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवरच्या) पट्ट्याही उखडतात. मग दहा-वीस मिनिटांच्या कामाचं मोठं काम होतं. तो पोर्ट बदलून घ्यायचा.

आता वेळ द्या

चार्जर, केबल, पोर्ट ठीक आहेत आणि पडदा अजून काळाच आहे. ही पायरी फुकट आहे, पण लोक हीच गाळतात.

लिथियम-आयन सेल भरलेला असताना सुमारे ४.२ व्होल्टवर असतो. साधारण ३.३ व्होल्टच्या आसपास टॅब स्वतःला बंद करतो. पण बंद टॅबही थेंबथेंब वीज खातो. महिनोन्‌महिने पडून राहिला की सेल ३ व्होल्टच्या खाली जातो, आणि आणखी खाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट तिची बाहेरची जोडणीच तोडतं. अशा सेलमध्ये पूर्ण करंट सोडणं धोक्याचं असतं, म्हणून चार्जिंगची चिप सुरुवातीला नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच करंट देते. सेल ३ व्होल्टच्या वर आला की मगच जोर वाढवते. या पूर्ण काळात पडद्यावर काही दिसत नाही, कारण पडदा उजळण्याएवढी वीज शिल्लकच नसते.

म्हणून किमान तीन-चार तास, फारच जुना असेल तर दिवसभर लावून ठेवा. दिवसभर म्हणतोय, रात्रभर नाही. तळापर्यंत उतरलेली बॅटरी पहिल्यांदा चार्ज होताना कोणीतरी जागं आणि जवळ असायला हवं. टॅब कडक पृष्ठभागावर ठेवा, गादीवर किंवा उशीवर नको, आणि अधूनमधून पाठीला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नाही इतका गरम झाला, गोडसर रसायनासारखा वास आला किंवा पाठ फुगायला लागली, तर सॉकेटचं बटण बंद करा आणि तिथेच थांबा.

या काळात दर पाच मिनिटांनी बटण दाबू नका. प्रत्येक दाबण्यासरशी टॅब सुरू व्हायचा प्रयत्न करतो आणि जमलेली जराशी वीज त्यातच घालवतो. मग तो लोगोपर्यंत येऊन विझतो, आणि ‘बोर्ड गेला’ असं निदान होतं.

टॅब थंडीत पडलेला असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. शून्य अंशाखाली चार्ज केल्याने सेलमध्ये धातूरूप लिथियमचा थर जमतो आणि सेल कायमचा बिघडतो. बॅटरी फ्रीजरमध्ये ठेवली की जिवंत होते, हा सल्ला म्हणूनच उलटा आहे.

जबरदस्तीने रीस्टार्ट

कधीकधी बॅटरी भरलेली असते पण टॅब गोठलेला असतो: पडदा बंद, प्रोसेसर एका जागी अडकलेला. बॅटरी काढता येणाऱ्या उपकरणात ती काढून घालायची सोय असते, टॅबमध्ये नसते. म्हणून बटणांच्या विशिष्ट जोडीने वीज तोडायची सोय दिलेली असते. यात माहितीला धक्का लागत नाही, त्यामुळे निःशंक करून बघा. चार्जर लावलेला असू द्या.

होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि वरचं बटण एकत्र, ॲपलचा लोगो दिसेपर्यंत धरा. होम बटण नसलेल्यावर व्हॉल्यूमचं वरच्या बटणाजवळचं बटण दाबून सोडा, मग दुसरं व्हॉल्यूम बटण दाबून सोडा, मग वरचं बटण धरून ठेवा. सॅमसंगवर पॉवर आणि व्हॉल्यूम कमीचं बटण दहा-पंधरा सेकंद. ॲमेझॉनच्या फायर टॅबवर नुसतं पॉवर बटण ४० सेकंद. इतर अँड्रॉइडवर पॉवर बटण सलग अर्धा मिनिट धरून बघा. लोक दहा सेकंदांत सोडतात आणि तेवढ्याने काही टॅबना पुरत नाही.

त्याआधी कव्हर काढा. घट्ट कव्हरमुळे एखादं बटण कायम दाबलेलं राहतं. व्हॉल्यूमचं बटण अडकलेलं असेल तर टॅब दर वेळी नेहमीच्या सुरुवातीऐवजी भलत्याच मेन्यूत शिरतो. बटण दाबल्यावर टिक असा स्पर्श जाणवतो का आणि ते परत वर येतं का, ते बघा. मेमरी कार्ड आणि सिमही काढून ठेवा. बिघडलेलं कार्ड वाचता वाचता टॅब लोगोवर अडकून पडतो, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

पडदाच गेला असेल तर

अंधाऱ्या खोलीत टॅबच्या पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. एलसीडी पडद्यात चित्र तयार करणारा थर वेगळा आणि मागचा उजेड वेगळा असतो. उजेड गेला असेल तर टॉर्चच्या प्रकाशात पुसट चित्रं, घड्याळ, लोगो दिसतात. दिसले तर बॅटरी, बोर्ड, सॉफ्टवेअर सगळं ठीक आहे, आणि तुम्ही पुष्कळ अनावश्यक खटाटोपातून वाचलात. ओलेड पडद्यावर ही युक्ती चालत नाही, कारण तिथे मागे उजेडच नसतो. मग संगणकाला जोडून बघा. नवीन उपकरण जोडल्याचा आवाज आला तर टॅब जागा आहे.

चार्जिंगचा यूएसबी मीटर

केबलच्या मध्ये बसणारं हे छोटं मीटर व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. एकापेक्षा जास्त जुनी उपकरणं सांभाळायची असतील तर ते जरूर घ्या, कारण काळ्या पडद्यामागे काय चाललं आहे ते यातूनच कळतं.

करंट शून्यावर अडकलेला असेल तर वीज आत जातच नाही: पोर्ट, केबल किंवा बोर्डावरचं चार्जिंग सर्किट. ०.०५ ते ०.२ अँपिअरवर स्थिर असेल तर बहुधा तो वर सांगितलेला सावकाश टप्पा आहे, वाट बघा. तासाभराने आकडा एक अँपिअरच्या पुढे गेला तर बॅटरी सावरली. कित्येक तास तसूभरही हलला नाही तर सेल गेला आहे किंवा बॅटरीचा कनेक्टर सुटला आहे. आकडा वर-खाली, वर-खाली असा झोके घेत राहिला तर टॅब सुरू व्हायचा प्रयत्न करून कोसळतोय. करंट भरपूर आणि व्होल्टेज ५ वरून बराच खाली घसरलेला, आणि एकच जागा पटकन तापते, तर आत शॉर्ट आहे. लगेच काढा.

लोगोवर अडकलेला टॅब

आता सॉफ्टवेअरचा भाग. आधी खात्री करा की टॅब किमान अर्धा चार्ज आहे. दुरुस्ती चालू असताना मध्येच वीज गेली तर आहे तो बिघाड वाढतो.

आयपॅड संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये न्या. रीस्टार्टचीच बटणं वापरायची, पण लोगो आल्यावरही सोडायची नाहीत, संगणकाचं चित्र दिसेपर्यंत धरायची. संगणकावर दोन पर्याय येतात: अपडेट आणि रिस्टोअर. पहिला नेहमी अपडेट. त्यात माहिती तशीच ठेवून प्रणाली नव्याने बसवली जाते. रिस्टोअरमध्ये सगळं पुसलं जातं. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली तर आयपॅड मोडमधून आपोआप बाहेर पडतो. घाबरू नका, डाउनलोड पूर्ण होऊ द्या आणि पुन्हा त्या मोडमध्ये न्या.

अँड्रॉइडवर बंद टॅबचं पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवायचं किंवा कमी करायचं बटण एकत्र धरलं की रिकव्हरी मेन्यू येतो. मॉडेलनुसार जोडी बदलते. आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ अशी अक्षरं दिसली तर ती चूक नव्हे. पॉवर धरून व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकदा दाबा, मेन्यू उघडतो. तिथे ‘वाइप कॅश पार्टिशन’ असेल तर आधी ते करा. त्यात तात्पुरत्या फायली जातात, फोटो आणि ॲपमधली माहिती राहते. त्यानंतरची पहिली सुरुवात नेहमीपेक्षा बरीच सावकाश होते, पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका.

एवढ्याने झालं नाही तर उरतो तो ‘वाइप डेटा’, म्हणजे फॅक्टरी रिसेट. आतलं काही हवं असेल तर इथे थांबा. नको असेल तरी एक गोष्ट बघा: त्या टॅबवरच्या खात्याचा पासवर्ड आठवतो का? अँड्रॉइड ५.१ पासून, आणि आयपॅडवर २०१३ च्या आयओएस ७ पासून, पुसलेलं उपकरण जुन्या मालकाचं खातं विचारतं. ते नसेल तर चालू झालेला टॅबही वापरता येत नाही. पासवर्ड आधी दुसऱ्या उपकरणावर परत मिळवा, मग रिसेट करा.

रिसेट करूनही जुनी ॲप, जुना वॉलपेपर जसाच्या तसा परत दिसला, तर तो चमत्कार नाही. स्टोरेजची चिप झिजली की काही वेळा ती लिहिणं बंद करते, फक्त वाचू देते. टॅब ‘पुसलं’ म्हणतो, पण पुसलेलं काहीच नसतं. इथे कितीही वेळा सॉफ्टवेअर टाकलं तरी उपयोग नाही. टॅब थोडा वेळ तरी सुरू राहत असेल तर हीच आतलं काढून घ्यायची शेवटची संधी समजा.

उघडायचा का?

पाठ प्लास्टिकची आणि खटक्यांवर बसलेली असेल, आणि हातात प्लास्टिकची पट्टी व धीर असेल, तर हो. २०१२ च्या नेक्सस ७ सारख्या टॅबची पाठ नखानेही निघते, आणि आतला बॅटरीचा कनेक्टर किंचित सैल झाला एवढंच कारण असू शकतं. तो काढून परत नीट बसवला की टॅब सुरू होतो. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरी सुटी करण्याचं, बाकी सगळं नंतर.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीच्या टोकांवर मोजा. ३.७ किंवा जास्त असेल तर बॅटरी उतरलेली नाही. ३ च्या आसपास असेल तर चार्जिंगला अजून वाव आहे. थेट शून्य दिसलं तर संरक्षक सर्किटने जोडणी तोडलेली असू शकते. प्रत्यक्ष सेलच २ व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला असेल तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा चार्ज करताना तेच भलत्या जागी जमून आतून शॉर्ट करतं. दुसऱ्या चार्जरच्या तारा थेट बॅटरीला लावून तिला ‘धक्का’ देण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका, ते या कारणासाठी. चार्जिंगची चिप अशा सेलला नकार देते तो तुमच्या भल्यासाठीच असतो. बॅटरी नवीन घाला.

आयपॅडची काच डिंकाने चिकटवलेली असते, ती ठरावीक उष्णता देऊन सोडवावी लागते. जरा जास्त जोर लागला की काच तडकते, जरा खोल गेलं की पट्टीसारख्या केबल तुटतात. बोटाचा ठसा ओळखणारं होम बटण मूळ बोर्डाशी जोडलेलं असतं. त्याची केबल तुटली तर बदली बटण ठसा ओळखत नाही. पहिल्यांदाच उघडणार असाल तर आयपॅडवर शिकू नका.

कारागिराकडे कधी

बॅटरी फुगलेली, तापणारी किंवा वास येणारी असेल तर. टॅब पाण्यात पडला असेल तर चार्जरला एकदाही न लावता. पोर्टचं सोल्डर सुटलं असेल तर. मीटरवर शॉर्टची खूण असेल तर. काच चिकटवलेली असेल आणि बॅटरी बदलायची असेल तर. आणि आतली माहिती मोलाची असेल तर वरच्या सोप्या तपासण्या झाल्यावर लगेच.

शेवटच्या बाबतीत दुरुस्ती करणाऱ्याला पहिलं वाक्य हेच सांगा: ‘टॅब नको, आतलं हवंय, रिसेट करू नका.’ हे सांगितलं नाही तर टॅब चालू करून देणं हेच त्याचं काम, आणि तो रिसेट करूनच देईल. माहिती एन्क्रिप्ट केलेली असल्यामुळे नुसती चिप काढून ती वाचता येत नाही. मूळ बोर्डच जिवंत करावा लागतो. म्हणून बोर्डावर काम करणारा माणूस शोधा. नुसता पडदा-बॅटरी बदलणारा इथे पुरत नाही. आणि ‘बोर्ड बदलून देतो’ म्हणाला तर लक्षात ठेवा, बोर्डासोबत तुमची माहितीही जाते.

सुरू झाल्यावर

आधी अपडेट नको, आधी आतलं बाहेर काढा. सावरलेली बॅटरी किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही.

वाय-फाय जोडलेलं असूनही एकही पान उघडत नाही, खात्यात जाता येत नाही, असं झालं तर तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरली की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं (साइट खरी असल्याची डिजिटल ओळखपत्रं) त्या तारखेला लागूच नसतात. तारीख हाताने नीट केली की बरंच काही सुरळीत होतं. तरीही काही पानं नकार देत असतील आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचं असेल, तर ती ओळखपत्रं पडताळायला लागणारी काही नवीन मूळ प्रमाणपत्रंच त्यात नाहीत. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रं सोबत बाळगतो, तो बसवता आला तर काम भागतं. अँड्रॉइड २.३.७ किंवा त्याआधीच्या टॅबवर गूगल खात्यात शिरणं सप्टेंबर २०२१ पासून बंद आहे. तिथे दुरुस्तीचा काही उपयोग नाही, पण साठवलेली पुस्तकं वाचायला आणि गाणी ऐकायला तो अजूनही चालतो.

पुन्हा बरेच दिवस वापरणार नसाल तर साधारण अर्धा चार्ज करून पूर्ण बंद करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी काढून परत अर्ध्यापर्यंत चार्ज करा. त्याची मूळ केबल आणि चार्जर त्याच्यासोबतच ठेवा.